गेम जॅम की एकच मोठा गेम?

नवख्या गेम डिझायनरसाठी माझा कौल आधी गेम जॅमला, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात छोटा गेम बनवण्याच्या उपक्रमाला. २००२ मध्ये सुरू झालेल्या लुडम डेअर या जॅमच्या ‘कॉम्पो’ या स्पर्धा प्रकारात एकट्याने ४८ तासांत गेम पूर्ण करायचा असतो. वेळ इतका कमी, की एकच मेकॅनिक (खेळण्याची मूळ क्रिया किंवा नियम) निवडून बाकीचं छाटावंच लागतं. शिवाय जॅमनंतर इतर जण तो गेम खेळून पाहतात, त्यामुळे अनोळखी खेळाडू नेमका कुठे अडखळतो, हे लगेच कळतं. शिकणाऱ्यासाठी याहून मोलाचं काही नाही.

मोठ्या गेममध्ये ही प्रतिक्रिया महिनोन्‌महिने मिळत नाही. मात्र सेव्ह सिस्टीम (खेळाची प्रगती जतन करण्याची सोय) आणि हळूहळू चढत जाणारी काठिण्यपातळी तिथेच शिकता येते.

दोन्ही वाटा जुळतातही. ‘सुपरहॉट’ या नेमबाजीच्या गेमचं पहिलं रूप २०१३ च्या सात दिवसांच्या जॅममध्ये बनलं, पूर्ण गेम २०१६ मध्ये आला.