कुत्र्याच्या पिल्लाचं चावणं थांबवणारा कडू स्प्रे: टेबलाला चालतो, हाताला नको

3 स्टार देतोय, ते पण लाकडी सामानासाठी. बाटलीवर पिल्लाचं चावणं बंद असं ठळक छापलंय म्हणून घेतला, आमचं वडगावात घर, शेजारी माग, आणि आमचं मुधोळ जातीचं पिल्लू तिथनं सुताचे कोन ओढून आणायचं, घरात टेबलाचे पाय, चपला आणि सगळ्यांचे हात-घोटे वेगळेच.

टेबलाला काम करतंय, खोटं कशाला बोला. एकदा चाटलं, शिंकलं आणि बाजूला झालं. पण टिकत नाही, फरशीबरोबर पाय पुसला की परत मारा. पॉलिश असेल तर आधी आतल्या बाजूला मारून बघा.

हाताला मात्र मारू नका वो. यात डेनाटोनियम नावाचं रसायन असतंय, त्याच्याएवढं कडू दुसरं काय नसेल, हात धुतला तरी बोटांना राहतंय आणि त्याच हातानं भाकरी थापली की घरभर तोंडं कडू. आणि पिल्लू शिकतंय काय, तर हा हात कडू आहे, दुसरा चावूया.

चावणं तसं त्या वयाचंच. दुधाचे 28 दात साधारण 3-4 महिन्यांपासून पडायला लागतात, 6-7 महिन्यांपर्यंत 42 पक्के येतात, तोवर हिरड्या शिवशिवणारच. दात किती जोरात लावायचा हे ते भावंडांत शिकतंय, जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ बंद. म्हणून 8 आठवड्यांच्या आत आईपासनं तोडलेलं पिल्लू घेऊच नका, कितीही स्वस्त देऊदे. घरी पण तेच करायचं, दात लागला की हात ओढायचा नाही (ओढला की त्याला ससा पळाल्यासारखं वाटतंय, शिकारी जात आहे ती), सैल सोडायचा, उठून तोंड फिरवायचं, अर्धा मिनिट बाहेर जायचं, मग परत येऊन दोरी द्यायची. आमच्यात आजोबा "सोड", पोरं "नो", शेजारच्या काकू कानडीत "बिडू" (म्हणजे सोड), आणि वर पोरं हातानंच खेळवणार, मग त्यानं ऐकायचं कुणाचं? सगळ्यांनी एकसारखं धरल्यावर फरक पडला. नाकावर चापट मारा म्हणणारे भेटतील, त्यानं घाबरून उलट जास्त चावतंय.

संध्याकाळी जास्तच चावत असेल तर झोप झालेली नसते, दिवसाला 18-20 तास झोपतात ही पिल्लं.

हिरड्यांना ओला कपडा पिळून फ्रीजरमध्ये गार करून चावायला द्या, आपण समोर बसून. शिजलेली मटणाची हाडं नको, तुकडे घशात जातात. त्याच्या दातानं आपल्याला ओरखडा किंवा रक्त आलं तर जखम 15 मिनिटं साबणपाण्यानं धुवा आणि डॉक्टरकडे जा, लहान पिल्लू आहे म्हणून सोडू नका.

स्प्रे घेणारच असाल तर छोटी बाटली घ्या, आणि आडवी ठेवू नका, आमची नोझलमधनं गळतीया.