होमस्टेसाठी कुठलं मेल घ्यावं: जीमेल, आउटलुक, झोहो की प्रोटॉन?

गोव्यात पेडणे, फोंडा, काणकोण भागात घरातल्या दोन-तीन खोल्या पर्यटकांना देणारी अनेक कुटुंबं आहेत आणि बऱ्याच घरांत सगळा कारभार एकाच मेल खात्यावर चालतो. बुकिंग त्यावरच, विजेचं बिल त्यावरच आणि बोटीवर (जहाजावर) नोकरी करणाऱ्या भावाचे कागदही त्यावरच. खातं निवडताना लोक आधी फुकट जागा किती ते विचारतात. माझ्या मते आधी हे विचारायला हवं: खातं भरलं किंवा पत्र भलत्या जागी पडलं, तर आपल्याला कळणार कसं?

बहुतेकांकडे जीमेल असतं, म्हणून आधी तेच. 15 जीबी मिळतात, पण त्यात ड्राइव्ह आणि गूगल फोटोही आले. 1 जून 2021 पासून फोटोंची अमर्याद फुकट सोय बंद झाली आणि चतुर्थीच्या आरतीचे व्हिडिओ बुकिंगच्या पत्रांची जागा खाऊ लागले. जागा पूर्ण संपली की नवी पत्रं येणं थांबतं. पाठवणाऱ्याला त्याचं पत्र परत मिळतं. तुम्हाला जागा संपल्याची सूचना दिसते, पण कोणी लिहिलं होतं ते समजत नाही. डिसेंबरच्या हंगामात हे अजिबात परवडणारं नाही. म्हणून फोनच्या फोटोंचा बॅकअप दुसऱ्या खात्यावर न्या. मग संगणकावर जीमेलच्या सर्च पट्टीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबून आकाराच्या रकान्यात 10 एमबीपेक्षा जास्त असं भरा. जड पत्रं समोर येतात. नको ती काढल्यावर ट्रॅशही रिकामा करा, नाहीतर ती आणखी 30 दिवस जागा अडवतात.

आउटलुकही मेलपेटीला 15 जीबी देतं. मात्र पत्रांना जोडलेल्या फाइली त्यांच्या 5 जीबीच्या फुकट क्लाउड जागेतही मोजल्या जातात, आणि ती भरली तरी मेल अडतं. ज्यांच्याकडे पासपोर्टच्या प्रती आणि पावत्या सतत येतात, त्यांच्यासाठी खरी मर्यादा ही 5 जीबीचीच. तरी आउटलुकची एक सोय मला मनापासून आवडते: स्वीप. एखाद्या कंपनीचं फक्त ताजं पत्र ठेवून बाकीची आपोआप हलवायची, किंवा दहा दिवसांपेक्षा जुनी काढून टाकायची, हे एकदाच सांगून ठेवता येतं. जुनं पत्र शोधण्यात मात्र जीमेल सरस आहे.

जाहिरातींचा त्रास आता थोडा कमी झालाय. 2024 मध्ये जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर जाहिरातीची पत्रं पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय सक्तीची केली. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी येणारं अनसबस्क्राइब वापरा. अनोळखी पत्राच्या आतल्या लिंकवर बोट ठेवू नका. बुकिंग साइटची पत्रं प्रमोशन्समध्ये, म्हणजे जाहिरातींच्या कप्प्यात पडत असतील, तर एखादं ओढून प्रायमरी या मुख्य कप्प्यात टाका आणि पुढेही तसंच करू का असं विचारल्यावर होय म्हणा.

पावसात वीज आणि नेट दोन्ही जातात, त्यासाठी संगणकावर क्रोममध्ये जीमेलची ऑफलाइन सोय चालू ठेवावी. गेल्या 90 दिवसांपर्यंतची पत्रं नेट नसतानाही उघडतात.

झोहो मेल चेन्नईच्या कंपनीचं. ऑक्टोबर 2025 मध्ये अमित शहांनी आपण झोहो मेलवर गेल्याचं जाहीर केल्यावर त्याची चर्चा वाढली. त्याचा खरा उपयोग होमस्टेच्या नावाचं स्वतःचं डोमेन, म्हणजे मेल पत्त्यात @ नंतर येणारं नाव, घेणाऱ्याला आहे. फुकट योजनेत एका डोमेनवर पाच जणांना प्रत्येकी 5 जीबी मिळतात, त्यामुळे आईला, भावाला, हिशेब पाहणाऱ्याला वेगळं खातं देता येतं आणि पासवर्ड घरभर फिरत नाही. मात्र ते ब्राउझरमध्ये किंवा त्यांच्याच अ‍ॅपवर चालतं. डोमेनचे पैसे दर वर्षी भरावे लागतात. ते राहिले तर मेलही बंद. पत्र खरंच तुमच्याच डोमेनवरून आलंय हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी जाणकाराकडून नीट करून घ्या, नाहीतर तुमचं उत्तर पाहुण्याच्या स्पॅममध्ये जाऊ शकतं.

विदेशी पाहुणा आला की 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म (जुना फॉर्म सी) भरावा लागतो आणि त्यासाठी पासपोर्ट, व्हिसाच्या प्रती मेलवर येतात. लोकांचे हे कागद वर्षानुवर्षं पेटीत पडून राहणं मला पटत नाही. स्वित्झर्लंडचं प्रोटॉन यासाठी दुसरं खातं म्हणून चांगलं: जाहिराती नाहीत आणि पत्रं त्यांच्या सर्व्हरवर कूटबद्ध, म्हणजे दुसऱ्याला वाचता न येणाऱ्या रूपात राहतात. पाहुण्याने जीमेलवरून पाठवलं तर वाटेतलं संरक्षण तेवढं पक्कं नसतं आणि त्याच्याकडची प्रतही उरतेच. फुकटात जेमतेम 1 जीबी, म्हणून मुख्य खातं करू नये.

जुनं याहू असेल तर ते महत्त्वाच्या कामाला नको. 1 टीबीची फुकट जागा 2025 मध्ये 20 जीबीवर आली आणि बारा महिने लॉगिन केलं नाही तर पेटी रिकामी होऊ शकते.

एकट्याने दोन खोल्या चालवणाऱ्याने फक्त बुकिंगसाठी नवं जीमेल काढावं. घरातले तिघे-चौघे हात लावत असतील तर डोमेन घेऊन झोहो. बोटीवर जाणाऱ्याने सिम बंद झाल्यावर ओटीपी येणार नाही हे धरून गूगलचे दहा बॅकअप कोड कागदावर छापून सोबत न्यावेत. प्रत्येक कोड एकदाच चालतो. बुकिंग साइटवरचा पत्ता जूनमध्ये, हंगाम संपल्यावर बदला आणि जुन्या खात्यावरची पत्रं पुढचा डिसेंबर होईपर्यंत नव्यावर फॉरवर्ड होऊ द्या, कारण गेल्या वर्षीचे पाहुणे जुन्याच पत्त्यावर लिहितात.