हार्मोनियमवाल्या मिस्त्रींनी बसवलेली गालपट्टी

इंदूरच्या राजवाड्याच्या मागून कृष्णपुरा छत्र्यांकडे उतरताना एका बोळात हार्मोनियम आणि तंबोरे दुरुस्त करणारं छोटंसं दुकान आहे. पाटीवरची अर्धी अक्षरं उडालेली. तिथल्या मिस्त्रींकडून मी माझ्या एअर रायफलीचा स्टॉक, म्हणजे लाकडी दस्ता, माझ्या मापाचा करून घेतला. काम झाल्याला आता पाच महिने झाले, म्हणून अनुभव लिहिते. नवरात्रात केलेलं कौतुक दिवाळीपर्यंत टिकेलच असं नाही, हे मला आता कळलंय.

आधी रायफलीबद्दल. फाइनवर्कबाऊ ३००एस, ४.५ मिमी, उजवीकडच्या लीव्हरने एकदा ओढून भरायची. शूटिंग क्लबातल्या एका काकांनी गुडघे दुखायला लागल्यावर मला विकली. जर्मनीत अक्रोडाच्या लाकडात बनलेली, वजन पाच किलोच्या आसपास. हिची गंमत म्हणजे बार उडाला की नळीसकट सगळी यंत्रणा स्टॉकमधल्या रुळांवर किंचित मागे सरकते, त्यामुळे खांद्याला धक्काच लागत नाही. ०.२२, म्हणजे काडतुसांची रायफल, का नाही घेतली, असं मला भावजींपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारलं. २०२४ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटरमध्ये कांस्य जिंकलं, ते ०.२२वरच. पण तिला शस्त्रपरवाना लागतो. ४.५ मिमीपर्यंतची, २० जूलच्या आतली एअर रायफल विनापरवाना ठेवता येते. एक्कावन्नाव्या वर्षी शाळेत गणित शिकवून घरी येणाऱ्या बाईला एवढं पुरे.

अडचण अशी की ही रायफल सहा फुटी जर्मन माणसाच्या मापाची, आणि मी पाच फूट एक इंच. गाल टेकवला की डोळा डायोप्टरच्या, म्हणजे ज्यातून नेम धरायचा त्या मागच्या चकतीच्या, भोकाच्या खालीच राहायचा. मग मी मान उचलून धरायची, आणि पंधराव्या गोळीपर्यंत मान थरथरायला लागायची. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमीचा असतो. मान केसभर हलली तरी तो हातचा जातो. माझे कागद बघाल तर भोकं सगळी उभ्या रेषेत, एकाखाली एक, उंचीचा आलेख काढल्यासारखी. प्रशिक्षक म्हणायचे, "ताई, मान टाकून द्या." टाकू कुठे? खाली टेकायला काही हवं ना!

अगोदर मी नको तिथे पैसे घालवले. बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून ७,४०० रुपयांची परदेशी, वरखाली होणारी गालपट्टी मागवली. फोनवर "सगळ्या मॉडेलला बसते" म्हणाले. आली तेव्हा भोकांमधलं अंतर वेगळं, आणि पॅकिंग फोडलंय म्हणून परत घेईनात. ती अजून कपाटात आहे. त्यानंतर दोन महिने स्टॉकवर योगाच्या चटईचा तुकडा चिकटपट्टीने गुंडाळून खेळले. मे महिन्यात घामाने तो असा काही सरकायचा की विचारू नका.

हार्मोनियमवाल्याचं मला आईमुळे सुचलं. तिची पेटी तिथेच जायची. रायफलीची लांबडी पिशवी घेऊन रिक्षातून उतरले तर मिस्त्री म्हणाले, "तानपुरा लाई हो क्या, मैडम?" आतली वस्तू बघून दोन मिनिटं गप्प. मग लाकडावरून अंगठा फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "इसे काटने का कह रही हो?" अक्रोडाला करवत लावायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं. माझ्याही आलं होतं.

त्यांनी घाई केली नाही, आणि पहिले गुण मी त्याचेच देते. मला शूटिंगचा जाड कॅनव्हासचा कोट घालून दुकानात उभं केलं, रायफल रिकामी आहे हे मी दोनदा दाखवलं, आणि डोळे मिटून गाल टेकवायला सांगितलं. डोळे उघडल्यावर काय दिसतं? भोकाची खालची कड. मग गालाखाली पोस्टकार्डं सारत गेले, एकेक. गोल नीट मधोमध दिसेपर्यंत गठ्ठा झाला ११ मिमीचा. खडूने खुणा केल्या. चार दिवसांनी पुन्हा बोलावून पुन्हा मोजलं, कारण "पहले दिन आदमी तनकर खड़ा होता है".

वेगळा तुकडा न जोडता स्टॉकचाच वरचा भाग बारीक आरीने कापून त्याचीच गालपट्टी केली. आरीच्या फटीत गेलं असेल दीड मिलिमीटर. पट्टी पूर्ण खाली बसवली की अक्रोडाच्या रेषा वरून खाली तशाच पुढे जातात, जोड शोधावा लागतो. आत ८ मिमीच्या दोन स्टीलच्या सळया आहेत. त्या आणि त्यांची भोकं पोलोग्राउंडच्या एका लेथवर करून घेतली, कारण दोन्ही भोकं अगदी समांतर नसली तर पट्टी वर येताना अडकते. पट्टीचं पुढचं टोक त्यांनी बोटभर मागे ठेवलं. मागे सरकणारी यंत्रणा त्याला धडकली असती, आणि हे मी सांगायच्या आधी त्यांनीच लीव्हर ओढून, हाताने ढकलून बघितलं होतं.

आता तक्रार. सळया आवळणारे स्क्रू त्यांनी थेट लाकडात घातले होते. महिन्याभरात आटे घासले आणि क्लबच्या स्पर्धेत बेचाळिसाव्या गोळीला गालपट्टी खट्‌कन खाली बसली. ती गोळी सातात. पुढच्या अठरा मी हरभऱ्याच्या झाडावरून उतरल्यासारख्या मारल्या. दुरुस्तीला गेले तर "परसों" ऐकत तीन आठवडे गेले. लग्नसराईत पेट्यांची कामं आधी. शेवटी पितळी बुश, म्हणजे आटे असलेल्या छोट्या नळ्या, अराल्डाइटने बसवले, स्क्रू त्यात. त्याचे पैसे घेतले नाहीत, पण चूकही कबूल केली नाही. दुसरं, पॉलिश. चपडीचं पॉलिश दिसतं सुरेख, पण घामाने गालाला चिकटतं. तिथे आता मी शॅमॉय कापड लावलंय.

खर्च: मिस्त्रींचे १,८००, लेथचे ६००. साठ गोळ्यांचा माझा सरासरी आकडा ४९०च्या आसपास होता, आता ५२० ते ५२५. यातला थोडा वाटा रोजच्या सरावाचा असणार, पण कागदावरची ती उभी रेष गेली, ती गालपट्टीमुळेच. ट्रिगरला आम्ही कोणीही हात लावलेला नाही. ते काम त्यांचं नाही, माझं तर नाहीच.

पाचपैकी चार तारे. जाणार असाल तर अकराच्या आधी जाऊ नका, कोट न्या आणि पावसाळ्यात लाकूड देऊ नका, ते स्वतःच घेत नाहीत. माझा बट, म्हणजे स्टॉकचा खांद्याला टेकणारा भाग, अजून दोन सेंटिमीटर लांब आहे. तो कापायला मिस्त्री तयार नाहीत. म्हणतात, आधी वर्षभर अशीच खेळा.