गॉब्लिन, कोबोल्ड की उठलेली प्रेतं: पहिल्या कॅम्पेनसाठी शत्रू कोण?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या कथाखेळाची पहिली कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी सलग गोष्ट) आखायला बसलं की नव्या डीएमचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, हात आधी ड्रॅगन, बिहोल्डर, लिच अशा बड्या राक्षसांच्या पानांवर जातो. त्यांची पाळी यायला बराच वेळ आहे. पहिल्या ते चौथ्या लेव्हलपर्यंतचा खेळ मुख्यतः तीन टोळ्यांपैकी एकीच्या जोरावर उभा राहतो: गॉब्लिन (बुटके, लबाड राक्षस), कोबोल्ड (सरड्यासारखे छोटे जीव) किंवा अनडेड (उठलेली प्रेतं). तिन्ही थोडे थोडे घेऊन दर आठवड्याला नवा प्राणी समोर आणायचा मोह सोडा. एक टोळी मुख्य धरा आणि विविधता तिच्यातूनच काढा. प्रश्न एवढाच, की कुठली टोळी?

आधी आकडे बघू. हे सगळे 2014च्या पाचव्या आवृत्तीतले. चॅलेंज रेटिंग म्हणजे शत्रू किती अवघड त्याचा अंदाज, एसी म्हणजे त्याला वार लागणं किती कठीण, एचपी म्हणजे तो किती मार सोसतो. स्केलेटन (सांगाडा) आणि झोंबी (चालतं प्रेत) हे दोघे अनडेडमधले. शेवटच्या रकान्यात हल्ल्याच्या फाशात 5 मिळवणाऱ्या पहिल्या लेव्हलच्या खेळाडूचा वार लागायची शक्यता आहे.

| | चॅलेंज रेटिंग | एसी | एचपी | वेग (फूट) | वार लागेल |
|---|---|---|---|---|---|
| गॉब्लिन | 1/4 | 15 | 7 | 30 | 55% |
| कोबोल्ड | 1/8 | 12 | 5 | 30 | 70% |
| स्केलेटन | 1/4 | 13 | 13 | 30 | 65% |
| झोंबी | 1/4 | 8 | 22 | 20 | 90% |

आता पुस्तकातल्या हिशेबाने चार जणांची पहिल्या लेव्हलची पार्टी (खेळाडूंची तुकडी) घ्या. चार गॉब्लिन म्हणजे 200 एक्सपी (अनुभवाचे गुण). शत्रू तीन ते सहा असले की दुप्पट धरायचे, म्हणजे 400. ही लढत ‘डेडली’, म्हणजे जीवघेणी, ठरते. चार झोंबींचा हिशेबही अगदी तोच, 400. पण टेबलावर काय होतं? झोंबी एका खेपेला 20 फूट सरकतो, माणूस 30. बाणवाला मागे मागे जात राहिला तर मोकळ्या मैदानात चारही झोंबी त्याच्यापर्यंत पोचता पोचता लोळतात. चार गॉब्लिन मात्र झाडीत असले तर पार्टीतले दोघं आडवे पडलेले असतात आणि बाण कुठून आला यावर अजून वाद चाललेला असतो. चॅलेंज रेटिंग बघून टोळी निवडू नका, असं माझं मत त्यामुळेच आहे. मी बघतो ती वेगळी गोष्ट: हा शत्रू हरायला लागला की काय करतो?

1981च्या बेसिक नियमांत याचा सरळ आकडा होता, मोराल. दोन सहाबाजू फासे टाकायचे. बेरीज मोरालपेक्षा जास्त आली की शत्रू पळतो किंवा शरण येतो. कोबोल्डचा आकडा 6, गॉब्लिनचा 7, स्केलेटन आणि झोंबीचा 12. म्हणजे तपासणीची वेळ आली की कोबोल्ड निम्म्याहून जास्त वेळा कच खातो, गॉब्लिन पाचातल्या दोन वेळा, आणि प्रेतं कधीच नाही. नव्या नियमांबरोबर हे आकडे खुशाल वापरा. पहिला साथीदार पडला की एकदा तपासा, निम्मे पडले की पुन्हा.

गॉब्लिनची खरी ताकद त्याच्या पळण्यात आहे. निंबल एस्केप या खुबीमुळे तो बोनस ॲक्शनमध्ये (वाराखेरीजच्या जादा चालीत) डिसएंगेज करू शकतो, म्हणजे लढाईतून सहज अंग काढून घेऊ शकतो, किंवा लपू शकतो, आणि लपण्यासाठी त्याला +6 आहे. दगडाआडून बाहेर यायचं, बाण मारायचा, परत आड व्हायचं. यातला जीव वाचवायचा भाग डीएम विसरला की गॉब्लिन म्हणजे सात एचपीचं बुजगावणं उरतं. नीट खेळवला तर तो पळून जातो, आणि पळालेला गॉब्लिन कॅम्पेनला फार उपयोगी पडतो. तो पुढच्या गुहेत जाऊन सांगतो की या टोळीत एक बाई आग फेकते. पुढच्या वेळी गॉब्लिन एकमेकांपासून लांब उभे राहतात. पकडलेला गॉब्लिन तर बडबडतो, खोटं बोलतो, स्वतःच्याच म्होरक्याचा सौदा करू बघतो. म्होरक्याही त्याच लायकीचा असतो: गॉब्लिन बॉसवर वार आला की तो शेजारच्या गॉब्लिनशी जागा बदलतो आणि तो वार त्या बिचाऱ्याला बसतो. हे एकदा बघितलं की खेळाडू त्या बॉसचा मनापासून द्वेष करायला लागतात. त्यासाठी लांबलचक खलनायकी भाषण लिहायची गरज राहत नाही.

वर चढायला शिडीही तयार आहे. गॉब्लिनचा थोरला भाऊबंद हॉबगॉब्लिन, त्याची एसी 18 असते आणि साथीदार लक्ष्याला खेटून उभा असेल तर तो दोन सहाबाजू फासे जास्त इजा करतो. तिथे लढाई शिस्तीची होते. त्यांचाच धिप्पाड भाऊबंद बगबेअर अंधारातून पहिलाच वार जबर करतो. तीन प्रकार, तिघांची लढायची रीत वेगळी, आणि तरी गोष्ट एकाच टोळीची. चौथ्या लेव्हलपर्यंत हे सहज पुरतं.

तोटा म्हणाल तर डीएमला डोकं चालवावं लागतं. सहा गॉब्लिन, प्रत्येकाचं लपणं वेगळं, प्रत्येक वेळी फासा वेगळा. टेबलावर चार नवखे असले तर ‘मला दिसतोय का तो?’ या प्रश्नातच संध्याकाळ जाते.

कोबोल्ड एकेकटा अगदीच किरकोळ. पाच एचपी, खंजीर नाहीतर गोफण. पण पॅक टॅक्टिक्समुळे त्याचा साथीदार तुमच्याजवळ उभा असला की त्याला दोन फासे टाकून मोठा धरता येतो, आणि आठ कोबोल्ड म्हणजे हिशेबात 500 एक्सपी, चार गॉब्लिनपेक्षा जास्त. उन्हात त्याचं हेच बळ उन्हाच्या त्रासाने कटतं आणि साधा एक फासा उरतो. म्हणून त्याला उघड्यावर आणायचंच नाही. त्याची जागा म्हणजे अरुंद बोगदा, जिथे धिप्पाड फायटरला वाकून चालावं लागतं, खाली खड्डा आहे, वर टांगलेला धोंडा आहे आणि भिंतीतल्या भोकातून गोफणीचे दगड येताहेत. 1987 साली ड्रॅगन मासिकाच्या संपादकीयात एका डीएमने असल्या कोबोल्डांच्या जोरावर चांगल्या बलाढ्य पार्टीला कसं पळता भुई थोडी केलं ते छापून आलं होतं. त्याचा दाखला खेळाडू आजही देतात.

पण हे सगळं नकाशावर अवलंबून आहे. तुम्हाला चौकटींच्या कागदावर बोगदे काढत बसायला आवडत असेल तर कोबोल्डसारखं दुसरं काही नाही. तयारीला वेळ नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. सपाट खोलीतले कोबोल्ड कंटाळवाणे असतात. आणि शेवटी त्यांचा मालक म्हणून ड्रॅगनचं पिल्लू आणणार असाल तर जपून. पांढऱ्या पिल्लाचं चॅलेंज रेटिंग फक्त 2 आहे, पण त्याच्या फुंकरीने सरासरी 22 इजा होते. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचा (जादूगाराचा) त्यात निकाल लागतो. तिसरी लेव्हल येऊ द्या.

आता प्रेतं. इथे निवड जवळजवळ तुमच्या पार्टीकडे बघूनच ठरते. क्लेरिक (दैवी शक्ती वापरणारा पुजारी) आहे का? दुसऱ्या लेव्हलला तो टर्न अनडेड शिकतो आणि अर्धी खोली पाठ दाखवून पळायला लागते. पाचव्या लेव्हलला तर 1/2 रेटिंगपर्यंतचे अनडेड, म्हणजे झोंबी, स्केलेटन, शॅडो (सावलीसारखं भूत), तिथल्या तिथे नष्ट होतात. तेव्हा क्लेरिकवाल्या पार्टीत अनडेड कॅम्पेन चार लेव्हलनंतर रूप बदलणारच, हे आधीच धरून चाला. मला तो तोटा वाटत नाही. क्लेरिक खेळणाऱ्याला एरवी मलमपट्टीच करावी लागते. इथे तो नायक होतो. उलट बाजू विझार्डची. त्याचं स्लीप तीन-चार गॉब्लिनना एका दमात झोपवतं, पण अनडेडवर ते चालत नाही. विषही चालत नाही.

नवख्या डीएमला ही टोळी सगळ्यात सोपी. झोंबी युक्ती करत नाही, लपत नाही, बोलत नाही. समोर येतो आणि मारतो. नवख्या खेळाडूंचे दहापैकी नऊ वार लागतात, त्यामुळे तेही खूश. त्यातच अनडेड फॉर्टिट्यूडची गंमत: मारलेला झोंबी बचावाचा फासा जिंकला की एक एचपीवर परत उभा. आठ इजेच्या वाराने पडला असेल तर पन्नास टक्क्यांहून जास्त वेळा उठतोच. क्रिटिकल हिटने (फाशावर 20 आल्यावर) किंवा रेडियंट, म्हणजे दैवी तेजाच्या, इजेने मात्र कायमचा जातो. स्केलेटनला तलवारीपेक्षा सोट्याचा मार दुप्पट लागतो, हे खेळाडूंनी स्वतः शोधून काढू दे, सांगू नका.

पण तीन लढायांनंतर हा सोपेपणाच अंगाशी येतो. जो पळत नाही त्याचा पाठलाग होत नाही, जो बोलत नाही त्याच्याशी सौदा होत नाही. सगळी गोष्ट मग प्रेतं उठवणाऱ्या माणसाच्या खांद्यावर येते. तो लवकर दिसला पाहिजे, निदान त्याची पत्रं तरी सापडली पाहिजेत. मधल्या काळासाठी घूल, म्हणजे प्रेतं खाणारा अनडेड, घ्या. त्याचा पंजा लागला की माणूस लुळा पडतो, एल्फ सोडून. शॅडोपासून सावध राहा. तो एचपीबरोबर अंगातली ताकदही शोषतो, आणि काटकुळा विझार्ड त्यात एचपी शिल्लक असताना मरू शकतो.

प्रेतांना आपल्याकडचे कपडे चढवणंही सोपं पडतं. पाण्यात ओढणारा गिऱ्हा करायचा तर घूलचे आकडे घ्या आणि डोह काढा, झालं. वेताळाला मात्र 50 एक्सपीचा झोंबी करू नका. कोकणात आणि गोव्यात त्याची देवळं आहेत, आणि टेबलावर बसलेल्या कुणाचं ते ग्रामदैवत असू शकतं.

तर माझी निवड अशी. एकदोन संध्याकाळींचा खेळ आणि सगळे नवखे असतील तर झोंबी, निःशंक. महिनोन्‌महिने खेळायचं असेल, टेबलावर बोलकी माणसं असतील, तर गॉब्लिन. कोबोल्ड फक्त नकाशाचं वेड असणाऱ्यांसाठी. आणि कुठल्याही टोळीसोबत मध्ये एखादा विचित्र प्राणी सोडा, पण लोणच्याइतकाच: लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टर फायटरच्या चिलखताकडे धावला की सगळं टेबल जागं होतं. जिलेटिनस क्यूबची एसी फक्त 6 आणि वेग 15 फूट, पण तो पारदर्शक; समोरचा बोगदा फारच स्वच्छ का दिसतोय हे वेळेत कुणी विचारलं नाही तर पहिला माणूस थेट त्याच्या पोटात.

पैशांचा प्रश्न असेल तर मॉन्स्टर मॅन्युअल (राक्षसांचं पुस्तक) लगेच विकत घेऊ नका. जानेवारी 2023 पासून पाचव्या आवृत्तीचा एसआरडी (मूळ नियमांचा दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतो आणि त्यात वरच्या तक्त्यातले चारही आहेत. गॉब्लिन बॉस त्यात नाही. साध्या गॉब्लिनला 21 एचपी, 17 एसी आणि जागा बदलायची ती खोड द्या, काम भागतं. 2025चं नवं पुस्तक घेतलंत तर एक लक्षात ठेवा: त्यात गॉब्लिन फे (परीलोकातले जीव) आणि कोबोल्ड ड्रॅगन या वर्गात गेलेत, त्यामुळे फक्त ह्युमनॉइडवर (माणसासारख्या जीवांवर) चालणारं, जागीच जखडणारं होल्ड पर्सन त्यांच्यावर चालणार नाही. विझार्डला हे तो स्पेल निवडायच्या आधी सांगा.