‘एक होता विदूषक’: गावचा सोंगाड्या बापाच्या कामात चालेल का?

यात्रेच्या नाटकात गावचा हुकमी विनोदी नट विंगेतून बाहेर आला की तोंड उघडायच्या आधीच मांडव हसतो. बेळगावजवळचं येळ्ळूर असो, कडोली असो, नाहीतर निपाणीकडचं एखादं गाव असो, हे ठरलेलंच. मग एखाद्या वर्षी दिग्दर्शकाच्या मनात येतं, यंदा पोरगं गमावलेल्या बापाचं काम यालाच द्यायचं. लगेच मंडळात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘लोक हसतील की हो!’ दुसरा म्हणतो, ‘रडवतोय बघा तो.’ हा वाद तालमीच्या खोलीत मिटत नाही. त्यापेक्षा एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ‘एक होता विदूषक’ बघावा.

चित्रपट १९९२ चा. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखन पु. ल. देशपांडे, गीतं ना. धों. महानोर, संगीत आनंद मोडक. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं, शिवाय नृत्यदिग्दर्शनाचं लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना. (पु. ल. काही काळ इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, त्यामुळं बेळगावात त्यांच्या पारड्यात जरा झुकतं माप पडतं. इथंही पडलं असेल तर समजून घ्या.) लक्ष्मीकांत बेर्डे तोवर ‘धूमधडाका’ (१९८५) आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) यांनी घराघरांत ‘लक्ष्या’ झाला होता. इथं तो आबूराव आहे. तमाशातल्या बाईच्या पोटी जन्मलेला, फडावर सोंगाड्या म्हणून गाजलेला, पुढं सिनेमात आणि तिथून राजकारणात ओढला गेलेला.

लक्ष्याची हत्यारं सगळ्यांना पाठ आहेत. वरच्या पट्टीतली भरभर बोलणी, एकदम मोठे होणारे डोळे, आणि भेदरल्यावर खांद्यापासून गुडघ्यापर्यंत ढिलं पडणारं अंग. विनोदी नटाला गंभीर काम देताना बहुतेक दिग्दर्शक पहिल्यांदा ही हत्यारं काढून घेतात आणि मग नट रिकाम्या हातानं उभा राहतो. इथं तसं होत नाही. हसवणं हा आबूरावाचा धंदाच आहे. फडावर तो बतावणी, म्हणजे तमाशातली विनोदी बोलाचाली, करतो तेव्हा लक्ष्या आपल्या नेहमीच्या ताकदीनिशी येतो आणि फडाबाहेर आला की त्याची पट्टी उतरते. या दोन पट्ट्यांमधल्या अंतरात खरा अभिनय आहे. फडावरचं लख्ख हसवणं आधी दिसलं नसतं, तर नंतरच्या गप्प बसण्याला वजनच आलं नसतं.

सगळ्यात बारकाईनं बघायचा तो मुलीचा भाग. दुनियेला हसवणाऱ्या या माणसाला स्वतःची पोर हसवता येत नाही. इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मुरलेला विनोदी नट वाक्य टाकल्यावर हशा येण्यासाठी जागा सोडतो, साधारण एक-दोन सेकंद. ती मोजावी लागत नाही, अंगातच भिनलेली असते. हशा आला की जागा भरते आणि पुढचं वाक्य निघतं. समोर हसणारंच कुणी नसेल तर ती जागा रिकामी राहते. आबूराव मुलीपुढं खटपट करतो तेव्हा अशीच रिकामी जागा दिसते आणि बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. गंभीर कामात मुरलेल्या नटाला हे इतकं सहज जमणार नाही, कारण हशाची वाट बघायची सवयच त्याच्या अंगात नसते. ‘विनोदी नटाला टायमिंग असतं’ असं आपण उठता-बसता म्हणतो. ते गंभीर प्रसंगात कसं कामाला येतं ते इथं कळतं.

आता जिथं गाडं अडतं ते. चित्रपट राजकारणात शिरतो तेव्हा आबूराव माणूस कमी आणि मुद्दा जास्त होऊ लागतो. सरळ विचार मांडायची वाक्यं आली की लक्ष्याचं वाक्याचं शेपूट वर उचलायला लागतं. ही विनोदातली सवय. शेवटचा शब्द वर टाकला की हशा मिळतो, पण गंभीर वाक्याचा शेवट खाली बसावा लागतो. वर टाकलेला शेवट ऐकणाऱ्याला ‘आता विनोद येणार’ असं सांगतो, आणि विनोद येत नाही. उत्तरार्ध लांबतोही. पण चित्रपट त्याच्या विनोदी सिनेमांसारखा चालला नाही याचा दोष नटाच्या माथी मारता येणार नाही. लोक तिकीट काढून लक्ष्याला बघायला आले आणि पडद्यावर निघाला आबूराव.

ताडून बघायला आणखी दोन घ्या. ‘चौकट राजा’ (१९९१, संजय सूरकर) मध्ये दिलीप प्रभावळकरांनी मतिमंद नंदू केलाय. ‘चिमणराव’ म्हणून ओळखीचा झालेला हा नट, पण त्यांनी कधी एकच मुखवटा कायमचा चढवला नाही, म्हणून प्रेक्षकाला आधीचं काही पुसावं लागत नाही. त्याच चित्रपटात अशोक सराफ गणा होऊन येतात. हसवतात, पण नंदूला कधी हशाचं गिऱ्हाईक करत नाहीत. तेवढं एकच काम बघायलाही हा चित्रपट लावायला हरकत नाही. दुसरा ‘शिक्षणाच्या आयचा घो’ (२०१०, महेश मांजरेकर). ‘सही रे सही’त एका नाटकात चार भूमिका करणारा भरत जाधव इथं पोराच्या मार्कांपायी जळणारा बाप आहे. विनोदातला त्याचा वेग रागात जसाच्या तसा वळतो, आणि पोराला मारण्याचा प्रसंग म्हणूनच अंगावर येतो. त्यानंतरचं रडणं मात्र एक चमचा जास्त झालंय.

आपल्या मंडळांनी यातून काय घ्यावं? विनोदी नटाला गंभीर काम दिलंत तर पहिल्या वाचनाला त्याची वाक्यं मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि फक्त वाक्यांचे शेवट ऐका. दहांतले पाच-सहा वर जात असतील तर उभ्या तालमीला घाई करू नका, आठवडाभर बसून वाचनच घ्या. पहिली एंट्री एकट्याची देऊ नका. चार माणसांत, प्रेक्षकांकडं पाठ करून, हातात काहीतरी काम घेऊन तो आधीच स्टेजवर असू दे. पडदा उघडल्यावर लोकांना तो सापडावा लागला की पहिला हशा विरतो. सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटांत एक-दोन ठिकाणी लोकांना मनसोक्त हसू द्या. कोंडलेला हशा हमखास मयताच्या प्रसंगात फुटतो. रडायच्या जागी रडू नको, रडू आवर असं सांगा. पोराचा शर्ट घडी घालायला द्या, चूल पेटवायला द्या. हात मोकळे राहिले की ते जुन्या सवयीनं कपाळाला आणि कमरेला जातात.

आपल्या भागातली एक खास अडचण आहे. मांडवात मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी माणसं असतात, आणि प्रसंग थंड पडतोय असं वाटलं की विनोदी नट मध्येच ‘हौद्री’ (कानडीत ‘होय हो’) टाकून टाळी घेतो. तालमीत नसतं, प्रयोगात हटकून येतं. त्याला आधीच दम भरून ठेवा. पण म्हणून पुणेरी मराठी त्याच्या तोंडात कोंबू नका. पु. लं.च्या व्यक्तिचित्रातले रावसाहेब बेळगावचेच. त्यांच्या कानडी हेलावर आधी हसू येतं आणि त्याच हेलावर शेवटी गळा दाटतो. आपला हेल बापाच्या कामाला कमी पडत नाही, कनी.

आणि माईकचं बघा. विनोदी नटाचा आवाज आयुष्यभर वरच्या पट्टीत खणखणलेला, त्यामुळं मांडवातल्या लटकत्या माईकना कधी अडचण आली नाही. गंभीर कामात पट्टी उतरली की पाचव्या रांगेपलीकडं शब्द पोचत नाही, त्यात मागं जनरेटर. मागून ‘आवाज!’ अशी आरोळी आली की तो बिचारा पुन्हा जुन्या पट्टीत चढतो आणि सगळं मुसळ केरात. त्या एका नटापुरता कॉलर माईक भाड्यानं आणा. तेही जमत नसेल तर त्याचे हळू बोलायचे प्रसंग पुढच्या माईकपासून दोन हातांवर बसवा.

चित्रपट लावाल तेव्हा ‘मी गाताना गीत तुला लडिवाळा’ हे गाणं दोनदा लावा. आवाज रवींद्र साठ्यांचा, म्हणजे लक्ष्याच्या वाट्याला उरतो तो नुसता चेहरा. दुसऱ्या खेपेला आवाज बंद करा आणि तुमच्या विनोदी नटाला पडद्याच्या सगळ्यात जवळच्या खुर्चीवर बसवा.