दार बदलायला महापालिकेची परवानगी? माझे 6500 असे गेले

गेल्या पावसाळ्यात आमच्या फ्लॅटचं मुख्य दार फुगलं. चौकटीला खालून वाळवी, कडी लावायची तर आधी खांद्याने रेटा द्यायचा. ओळखीतून एक सुतार आला. चौकटीसकट फ्लश डोअरचा भाव सांगितला, तो रास्तच होता. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "काका, महापालिकेची परवानगी काढलीय ना? चौकट काढली की बांधकामात बदल धरतात हल्ली."

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकाने रस्त्याकडची भिंत फोडून नवं दार काढलं होतं, त्याला नोटीस आली होती. मी लगेच घाबरलो. सुतार म्हणाला, "वॉर्डात माझा माणूस आहे, 6500 मध्ये होईल." त्याच्याच मोबाईल नंबरवर पाठवून मोकळा झालो. चार दिवसांनी पावती हातात. गोल शिक्का, हिरव्या शाईची सही, सगळं झोकात.

दार बसल्यावर ती पावती मी सोसायटीच्या सेक्रेटरींना ऐटीत दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवला. "अहो, ही तारीख रविवारची आहे."

वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी एवढंच विचारलं, "होतं तिथेच, त्याच मापाचं दार ना? मग आमच्याकडे कशाला आलात?"

1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 43 मध्येच ही सूट आहे. ज्या दुरुस्तीचा परिणाम फक्त आतल्या भागावर होतो, किंवा इमारतीच्या बाहेरच्या रूपात फारसा फरक पडत नाही, तिला परवानगी लागत नाही. भिंत फोडून दार रुंद करायचं, नवीन जागी काढायचं, किंवा इमारत वारसा यादीत असेल, तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही अर्ज परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत जातो आणि शुल्क महापालिकेच्या खात्यात, सुताराच्या मोबाईलवर नाही. सोसायटीला मात्र आधी पत्र द्या. आमच्याकडे राडारोड्याचं डिपॉझिटही घेतात.

सुताराकडे पैसे परत मागितले तर म्हणतो, "ते कामाचेच होते." पाठवताना मीच शेऱ्यात 'दाराचं काम' लिहिलं होतं! कसेबसे 2000 परत आले, आता फोन उचलत नाही.

दार मात्र असं बसवलंय की ऐन पावसातही घासत नाही. त्याचाच जास्त राग येतो.