ईव्हीए फोम शीट: दहा महिन्यांच्या वापरानंतर

2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तोवर आमच्या घरी गणपतीचं मखर थर्माकोलचंच असायचं. पुढची काही वर्षं पुठ्ठा आणि कापडावर भागवलं. गेल्या जुलैत पहिल्यांदा ईव्हीए फोमच्या, म्हणजे मऊ, वळणाऱ्या प्लास्टिक फोमच्या, मोठ्या शीट आणल्या. मखर झालं, मग शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी गदा, मुकुट आणि ढाली झाल्या, मध्ये हत्यारांच्या खणाला अस्तरही झालं. दहा महिन्यांत भरपूर शीट कापल्या आणि काही फुकटही घालवल्या. त्यातून जे हाती लागलं ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

दुकानात 'फोम शीट' मागितली की चार वेगळ्याच वस्तू समोर येतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा, चुरचुरणारा पॅकिंग फोम म्हणजे ईपीई. तो स्वस्त आहे, पण त्यावर रंग धरत नाही, साधा फेविकॉल सालीसारखा निघून येतो आणि ग्लू गनची गरम धार लागली की तो वितळतो. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचा कडक फोम. सपाट कमानी, पाट्या, अक्षरं यांसाठी तो उत्तम, पण वळत नाही. शिवाय तो तापवून वाकवायच्या भानगडीत पडू नका. पीव्हीसी करपलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर निघतो, त्यामुळे त्यावर गरम तारही नको आणि लेसरही नको. गादीचा स्पंज काही वर्षांत पिवळा पडून भुगा होतो. वळवायचं, तापवायचं, घासायचं आणि रंगवायचं असेल तर ईव्हीएच घ्या. चपलांचे तळ ज्याचे असतात तोच हा फोम.

त्यामुळेच तो स्टेशनरीच्या दुकानात कमी आणि चप्पल-बुटांचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे जास्त चांगला मिळतो. स्टेशनरीत ए-फोर आकाराची, 2 मिमी जाडीची रंगीत पाकिटं असतात. मुलांच्या फुलापानांना ती पुरतात. पण मखर उभं करायचं तर 5 मिमी हवी, गदेला 5 किंवा 6, खणाच्या अस्तराला 10. मोठी शीट चौरस फुटाच्या हिशेबात पाकिटापेक्षा बरीच स्वस्त पडते. चकाकीची शीट दिसते छान, पण वर काही चिकटवलं तर चकाकीचा थरच सुटून हातात येतो. ती नेहमी सगळ्यात वरचा थर म्हणूनच वापरते.

विकत घेताना मी दोन गोष्टी बघते. कोपरा पूर्ण दुमडून सोडते. चांगली शीट लगेच उलगडते, हलक्या प्रतीच्या शीटवर पांढरी रेघ उरते. मग नखाने दाबते. खळगा भरून आला तर शीट घेते. नुसती जड आहे म्हणून भुलू नका. स्वस्त मालात चुनखडीच्या भुकटीची भर असते, तिने वजन वाढतं, कापताना पातं बोथट होतं आणि वाकवताना शीट तडकते. माझ्या पहिल्या खेपेतल्या दोन शीट अशाच निघाल्या.

आता गोंद, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान गोंदाने केलं. ईव्हीएला दोन्ही बाजूंना लावून वाळवायचा पिवळा सॉल्व्हंटचा गोंद लागतो, चांभार वापरतात तो. मी फेविकॉल एसआर वापरते. (हाच गोंद थर्माकोलला लागला तर थर्माकोल विरघळून खड्डा पडतो, म्हणून जुन्या थर्माकोलवर ईव्हीए चढवायचा विचार असेल तर सोडून द्या.) दोन्ही कडांवर पातळ हात द्यायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की जोडायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, त्यामुळे आधी पेनाने खुणा हव्यातच. मखराची कमान मी भर पावसात, संध्याकाळी घाईने जोडली आणि दुसऱ्या रात्री मधला सांधा आ वासून उभा! दमट हवेत सॉल्व्हंट उडताना गोंदाचा थर गार पडतो आणि त्यावर हवेतली ओल बसते. वरून तो वाळलेला वाटतो, पण धरत नाही. तेव्हापासून पावसाळ्यात दुप्पट थांबते आणि पूर्ण वाळल्यावर हेअर ड्रायरने जरा ऊब देऊन मगच दाबते. त्यानंतर एकही सांधा सुटलेला नाही. ओल्या गोंदाजवळ मात्र हीट गन (गरम हवेचा झोत देणारं यंत्र) कधीही नको, वाफ पेट घेते. खिडक्या उघड्या हव्यात आणि मुलं त्या खोलीत नकोत.

कापायला 18 मिमी पात्याचा, टोक मोडता येणारा कटर. पातं बोथट झालं की कड लाटांसारखी फाटते, म्हणून दर दोन-तीन लांब कापांनंतर मी टोक मोडते. 10 मिमीची शीट एका दमात कापू नका, तीन हलक्या फेऱ्यांत कापा. आणि एक महत्त्वाचं: आधी शीट तापवा, मग आखा. हीट गन सतत फिरवत दोन्ही बाजू शेकल्या की पृष्ठभागाची भोकं मिटतात, मंद चकाकी येते आणि शीट किंचित आक्रसते. मी आधी कापून मग शेकलं, तर महिरपीचे दोन अर्धे जुळेनात.

गदेचा गोळा करताना गणिताच्या तासाची आठवण झाली. 24 सेंमी व्यासाचा गोळा म्हणजे घेर सुमारे 75 सेंमी. आठ पाकळ्या करायच्या तर प्रत्येक पाकळी मधोमध 9.4 सेंमी रुंद आणि टोकापासून टोकापर्यंत 37.7 सेंमी लांब. पाकळी शेकून गुडघ्यावर दाबून धरली की गार होताना तोच बाक धरते. आठवी पाकळी बसली तेव्हा समोर बसलेला आमचा सातवीतला हनुमान गदा हातात घेतल्याशिवाय हलेना. दांड्यात पीव्हीसीचा पाइप घातला. प्रयोगात गदा तीनदा जमिनीवर आपटली, एक पोचा आला आणि गरम हवेने तोही भरून निघाला.

मुकुटासाठी मुलाच्या डोक्यावर स्वयंपाकघरातली प्लास्टिकची फिल्म गुंडाळून वर मास्किंग टेप लावली, पेनाने रेषा मारल्या आणि सोडवून त्याचा नमुना केला. मुलांच्या डोक्यांत फरक फार असतो, एका मापात सगळ्यांना बसवायला जाऊ नका.

रंगाआधी पाण्यात पातळ केलेल्या साध्या पांढऱ्या फेविकॉलचे (एसआरचे नव्हे) तीन हात, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर पुढचा. मग ॲक्रिलिक. वारंवार दुमडणाऱ्या जागी रंग भेगाळतोच, उदाहरणार्थ ढालीचे पट्टे. तिथे मी आता आधीच त्या रंगाची शीट लावते. घासताना मास्क हवा, बारीक धूळ बराच वेळ हवेत राहते. नव्या शीटना वास येतो, चार दिवस गॅलरीत पसरून ठेवते.

खणाच्या अस्तराचं काम सोपं होतं. खाली लाल, वर काळी शीट, काळीत हत्यारांचे आकार कोरलेले. पकड जागेवर नसली की लाल दिसतं.

ईव्हीए 'पर्यावरणपूरक' म्हणून विकतात, ते मला पटत नाही. हेही प्लास्टिकच आहे, विसर्जनाच्या पाण्यात ते जाता कामा नये. एकदा केलेलं मखर वर्षानुवर्षं वापरायचं असेल तरच घ्या. आमचं मखर पाच तुकड्यांत सुटं होतं, ते चादरीत गुंडाळून माळ्यावर आडवं ठेवलं आहे. भिंतीला उभी टेकवलेली जादाची शीट दोन महिन्यांत वाकडी झाली होती. या वर्षी फक्त मागची प्रभावळ नव्याने करणार आहे, आणि तिचे सांधे पाऊस सुरू व्हायच्या आत जोडून घेणार आहे.